एक घटका आणि चोवीस वर्षें

लग्नघरीं घटिकापात्र मांडण्याची चाल आतां जवळजवळ नाहींशी झाली आहे. पूर्वीं मांडवाच्या एका कोपऱ्यांत पाण्यानें भरलेलें घंगाळ ठेवीत, त्यांत तळाला बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडीत, आणि जोशीबुवा तिच्याकडे डोळे लावून बसत. भोंकांतून पाणी हळूहळू आंत चढे, वाटी जड होई, आणि अखेर घंगाळाच्या तळाशीं जाई. वाटी बुडाली म्हणजे एक घटका भरली. अशा साठ घटकांची एक अहोरात्र. म्हणजे घड्याळाच्या हिशेबानें एक घटका बरोबर चोवीस मिनिटांची. मुहूर्ताची घटका भरत येई तसतसे मंगलाष्टकांचे सूर चढत, अंतरपाटाच्या दोहों बाजूंस वधूवर उभीं असत, आणि प्रत्येक श्लोकाच्या शेवटीं भटजी सर्वांना बजावीत : 'सावधान'.

या एका शब्दाशीं जालना जिल्ह्यांतील एका खेड्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, जांब नांवाचें गांव आहे. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटीं शके १५३० च्या, म्हणजे इसवी सन १६०८ च्या, रामनवमीस येथें नारायणाचा जन्म झाला. पुढें सारा महाराष्ट्र ज्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखूं लागला ते हेच. वडील लवकर निवर्तले. नारायण बारा वर्षांचा होतांच आईनें त्याचें लग्न ठरविलें. परंपरा सांगते कीं, जांबेजवळच्या आसनगांवीं मांडव पडला, अंतरपाट धरला गेला, आणि 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच मुलानें तो अक्षरशः खरा मानला. तो मांडवांतून उठून पळाला, तो पुन्हां दृष्टीस पडला नाहीं. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षें तपश्चर्या, नंतर बारा वर्षें तीर्थाटन, आणि १६४४ च्या सुमारास कृष्णेच्या कांठीं आगमन, असा पुढचा क्रम सांगतात. या चोवीस वर्षांच्या अखेरीस तो एकदां जांबेस आला, तेव्हां आई आंधळी झाली होती.

ही कथा महाराष्ट्रापर्यंत पोहोंचली ती शिष्यपरंपरेनें लिहिलेल्या चरित्रांतून, अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या हनुमंतस्वामींच्या बखरींतून आणि कीर्तनकारांच्या तोंडून. तिच्या तपशिलाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत, आणि ते असणें स्वाभाविक आहे. परंतु घटना अगदीं तशीच घडली काय, या प्रश्नाइतकाच दुसराहि एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : या कथेनें काळ कोणत्या मापानें मोजला?

हिशेब मांडून पाहिला तर मौज वाटते. मांडवांतील प्रसंग फार तर एका घटकेचा. कीर्तनांत मात्र तो सर्वांत अधिक वेळ घेतो. वऱ्हाडाची गडबड, आईला दिलेलें वचन, अंतरपाट, भटजींचा शब्द, मुलाचे टवकारलेले कान, धांवाधांव, कशाचीहि उणीव राहत नाहीं. त्यानंतर टाकळीचीं बारा वर्षें येतात. नदीच्या पाण्यांत उभें राहून केलेल्या जपाचें वर्णन झालें कीं तीं संपतात. तीर्थाटनाचीं बारा वर्षें काशी, अयोध्या, रामेश्वर अशा नांवांच्या मालिकेंत संपतात. आणि मग एकाएकीं जांबेच्या घराचें दार येतें. चोवीस वर्षांच्या घटका मोजल्या तर त्या सव्वापांच लक्षांहून अधिक भरतील. त्यांतली पहिली एक आणि शेवटची एक, एवढ्या दोनच घटका कथेनें खऱ्या अर्थानें जपून ठेवल्या आहेत.

यांत कथेकऱ्याचा दोष नाहीं. मनुष्याचें मनच काळाशीं असें वागतें. घड्याळाच्या दृष्टीनें प्रत्येक घटका सारखी. मनाच्या दृष्टीनें कोणत्याहि दोन घटका सारख्या नाहींत. मराठी भाषेला हें फार पूर्वींपासून ठाऊक आहे. गप्पांच्या भरांत 'वेळ कसा गेला कळलें नाहीं' म्हणणारा मनुष्यच दवाखान्याच्या बाकावर 'वेळ जातां जात नाहीं' असें म्हणतो. मरणोन्मुख माणूस 'घटका मोजतो', आणि ज्याचें पाप पुरें झालें त्याची 'घटका भरते'. इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास सेंट ऑगस्टिननें आपल्या आत्मनिवेदनांत या प्रश्नाचा खोल विचार केला. भूतकाळ उरला नाहीं आणि भविष्यकाळ आला नाहीं, तर मनुष्य मोजतो तरी काय? त्याचें उत्तर असें कीं, काळाचें माप मनांतच आहे : झालेल्याची स्मृति, चाललेल्याकडे अवधान आणि येणाऱ्याची अपेक्षा.

पुढें १८९० सालीं विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या मोठ्या ग्रंथांत एक विलक्षण गोष्ट नोंदली. विविध अनुभवांनीं भरलेला काळ जातांना आंखूड वाटतो, पण मागें वळून पाहतांना लांब भासतो. उलट रिकामा, एकसुरी काळ जातांना लांब वाटतो, पण आठवूं गेलें असतां आंखूड होतो. प्रवासाचे आठ दिवस आठवणींत महिन्याएवढे होतात. आजारपणाचा महिना, एकेक दिवस डोंगराएवढा वाटूनहि, आठवणींत चिमटीएवढा उरतो. कारण स्मृतीला धरून ठेवायला खुणा लागतात, आणि सारखेपणांत खुणा नसतात. त्याच ग्रंथांत जेम्सनें पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाचें आणखी एक मत दिलें आहे : मनुष्य प्रत्येक वर्ष आपल्या झालेल्या आयुष्याशीं ताडून पाहतो, म्हणून दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष आयुष्याचा दहावा हिस्सा वाटतें आणि पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा.

हें माप जांबेच्या कथेला लावून पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाचीं चोवीस वर्षें खुणांनीं भरलेलीं होतीं. नवे देश, नव्या नद्या, नव्या भाषा. तीं जातांना भरभर गेलीं असतील, पण सांगायला लांब. आईचीं चोवीस वर्षें त्याच अंगणांत, त्याच जात्यावर, त्याच दारांत गेलीं. तीं जातांना अतोनात लांब झालीं असतील. सांगायला मात्र त्यांत कांहींच नव्हतें. पंचांगांत दोघांचाहि काळ सारखा. पण कथा स्मृतीच्या बाजूनें बोलते, आणि स्मृति प्रवाशाच्या बाजूची असते. म्हणून जो गेला त्याचें चरित्र झालें, आणि जी राहिली तिच्या वांट्याला एक वाक्य आलें : रडून रडून तिची दृष्टि गेली.

त्या एका वाक्याआड काय दडलें आहे, हें इतिहासाच्या कागदांवरून थोडेंबहुत ताडतां येतें. नारायण पळाला त्या वेळीं जांबेचा मुलूख निजामशाहीचा होता, आणि तिचा कारभार मलिक अंबर पाहत होता. तो १६२६ मध्यें मरण पावला. जालन्याच्या शेजारचे सिंदखेडचे लखुजी जाधव १६२९ मध्यें दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारांत मारले गेले. १६३० मध्यें पावसानें दगा दिला, आणि दख्खन व गुजराथ यांवर तो भयंकर दुष्काळ कोसळला, ज्याचें वर्णन शहाजहानच्या दरबारच्या इतिहासकारानें बादशाहनाम्यांत करून ठेविलें आहे. १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोंगलांनीं घेतला. १६३६ मध्यें निजामशाही नामशेष झाली, आणि तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला. नारायण गेला तेव्हां शिवाजीमहाराजांचा जन्म व्हावयाचा होता. तो परत आला तेव्हां ते चौदा वर्षांचे झाले होते. फार काय, त्या अवधींत काळ मोजण्याची सरकारी रीतहि बदलली. निजामशाही कागदांवर शुहूर सन चाले. मोंगलांनीं शहाजहानच्या कारकिर्दींत दख्खनेंत फसली सन सुरू केला.

म्हणजे राणूबाईंचीं तीं वर्षें इतिहासाच्या दृष्टीनें रिकामीं मुळींच नव्हतीं. एक राज्य बुडालें, दुसरें आलें, मध्यें माणसें अन्नावांचून मेलीं. थोरले पुत्र गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायांत 'श्रेष्ठ' म्हणतात, त्यांनीं याच दिवसांत घर संभाळलें. दुष्काळांत त्या घरीं चूल कशी पेटली, नव्या अमलांत सारा कोणाला दिला, घोड्यांच्या टापा ऐकल्या म्हणजे घरांतलीं माणसें कोठें लपत, यांतलें कथा कांहीं सांगत नाहीं. इतकेंच नव्हे, तर आसनगांवीं अंतरपाटापलीकडे उभी असलेली ती मुलगी कोण, तिचें पुढें काय झालें, हेंहि सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या घटकेनंतर ती कथेंतून निघून जाते.

तथापि ज्या कोणीं जांबेच्या दारांतील प्रसंग प्रथम रचला त्याला काळाचें मर्म ठाऊक होतें, यांत शंका नाहीं. दारांत गोसावी येऊन रामाचा जयघोष करतो. आई आंतून सुनेला भिक्षा घालावयास सांगते. हा गोसावी भिक्षा घेऊन जाणारा नव्हे, असें उत्तर येतें, आणि आई आवाज ओळखते. ती त्याला जवळ घेऊन त्याच्या तोंडावरून हात फिरविते. तिच्या मनांत बारा वर्षांचा मुलगा आहे. हाताला, कांहीं कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणें, दाढी आणि जटा लागतात. केवढा मोठा झालास, पण मला तुला पाहतां येत नाहीं, असें ती म्हणते. चोवीस वर्षें गेलीं हें तिला कोणत्याहि पंचांगानें सांगितलें नव्हतें. तें तिच्या बोटांना एका स्पर्शांत कळलें. मराठींत प्रतीक्षेला 'वाट पाहणें' म्हणतात. ज्या बाईनें चोवीस वर्षें वाट पाहिली तिचे डोळेच त्या पाहण्यांत खर्ची पडले, हें सांगणाऱ्यानें काळाचा हिशेब एका अर्थीं चुकता केला आहे. पुढें मुलाच्या हस्तस्पर्शानें दृष्टि परत आली असें कथा सांगते. दृष्टि परत आली. वर्षें परत आलीं असें मात्र कोणतीच कथा सांगत नाहीं.

समर्थ स्वतः काळाविषयीं बेफिकीर नव्हते. दासबोधाच्या बाराव्या दशकांत काळरूपावर एक स्वतंत्र समास आहे. आणि तिसऱ्या दशकांत, जन्मदुःखापासून आरंभ करून बाळपण, लग्न, संसाराची ओढाताण, परदेशगमन आणि केविलवाणें म्हातारपण, असें एका सामान्य माणसाचें सबंध आयुष्य थोड्या समासांत भराभर उलगडून दाखविलें आहे. कादंबरीचा जन्म व्हावयाच्या कितीतरी आधीं लिहिलेलें हें जवळजवळ कादंबरीचेंच कथानक आहे. पण त्याचा हेतु निराळा. आयुष्य कसें निसटून जातें हें दाखवून ऐकणाऱ्याला जागें करावयाचें, म्हणून तेथें वर्षें मुद्दाम धांवतात. एकेका दिवसाचें ओझें दाखविणें हें त्या ग्रंथाचें कामच नव्हतें.

तें काम पुढें कोणीं पत्करलें, हें पाहण्यापूर्वीं जालन्याच्याच भूमीवरील दुसरें एक उदाहरण ध्यानांत घेण्यासारखें आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली. ती एका दुपारीं सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत संपली. त्या एका दुपारवर इंग्रजींत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें त्या प्रदेशांतील एकाद्या संबंध शतकावर लिहिलें गेलें नसेल. सैन्य कैलना नदी कोठें उतरलें, कोणती पलटण केव्हां वळली, तोफा केव्हां हातीं आल्या, याचा बारीक वृत्तान्त मिळतो. त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतून काय चाललें होतें, याला त्या वृत्तान्तांत जागा नाहीं. चरित्र असो कीं युद्धवर्णन असो, ज्या घटकेस कांहीं 'घडलें' ती फुगते. ज्या वर्षांत कोणी नुसतें सहन केलें तीं आकसतात.

घड्याळानें हा पक्षपात नाहींसा केला काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जालन्यास काळाचीं मापें थोडींथोडकीं नव्हतीं. १८९० च्या दिवाळीनंतर येथील पेढीवर बसणाऱ्या माणसाला पंचांगांत शके १८१२, मारवाडी वहींत संवत् १९४७, निजाम सरकारच्या कचेरींत फसली १३००, मशिदीच्या कामांत हिजरी १३०८ आणि छावणींतील इंग्रजांशीं पत्रव्यवहार करतांना इसवी सन १८९०, एवढे आंकडे ध्यानांत ठेवावे लागत. कुणब्याचा हिशेब याहून वेगळा. तो मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांवर चाले, कारण त्याच्या काळाला पेरणी आणि कापणी यांखेरीज अर्थ नव्हता. नंतर गोदावरी-खोऱ्याचा लोहमार्ग मनमाडहून जालन्यावरून सिकंदराबादेकडे गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं साऱ्या हिंदुस्थानच्या आगगाड्या एका प्रमाणवेळेवर चालूं लागल्या.

ही प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. जालना त्याच्या पश्चिमेस साडेसहा अंशांहून थोडें अधिक अंतरावर आहे, त्यामुळें स्टेशनच्या घड्याळांत बारा वाजल्यानंतर सरासरीनें सव्वीस मिनिटांनीं जालन्याचा सूर्य माथ्यावर येतो. म्हणजे गांवाच्या जुन्या दुपारींत आणि आगगाडीच्या दुपारींत सुमारें एका घटकेचें अंतर पडलें. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, आणि फसली सनहि पुढें कचेऱ्यांतून मागें पडला. आज सर्वांचा काळ एका आंकड्यांत मावतो. व्यवहाराला त्याचा उपयोग मोठा आहे. परंतु घड्याळ फक्त मोजतें. कोणाची घटका कोणाला किती जड गेली, हें तें सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम कथालेखकाचें आहे.

मराठींत हें काम पहिल्यानें पुरतेपणीं ओळखलें तें हरि नारायण आपटे यांनीं. योगायोग असा कीं, जेम्सचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १८९० सालीं आपट्यांनीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तींत यमू आपली हकीगत स्वतःच्या तोंडानें सांगते. बाहेरच्या जगाच्या मानानें तिच्या आयुष्यांत 'घडतें' फार थोडें : माहेर, आईचा वियोग, लहानपणीं लग्न, सासर, कांहीं दिवस मुंबईंत पतीच्या सहवासांतलें सुख, मग वैधव्य आणि केशवपनाची जबरदस्ती. बखरकारानें हें चार ओळींत आटोपलें असतें. आपट्यांनीं ते दिवस दिवस म्हणूनच ठेवले. सासरच्या स्वयंपाकघरांतील दुपार जेवढी लांब असते तेवढी लांब ती वाचकाला सोसावी लागते, आणि मुंबईचें सुख संपूं नये असें वाटत असतांच तें संपून जातें. शिवाय कादंबरी आठवड्याआठवड्यानें येत असल्यामुळें पुढें काय झालें याची वाट पाहणें पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांच्या नशिबीं आलें. जिचा काळ पूर्वीं कोणी मोजला नव्हता तिच्या काळांत शेंकडों घरें कांहीं वर्षें राहून आलीं. पुस्तकाच्या नांवांतला प्रश्नहि तोच होता : हें लक्ष्यांत कोण घेतो?

घरीं राहिलेल्या माणसाचा काळ मोजण्याची ही निकड एकट्या मराठीचीच नव्हती. रामायणांतील लक्ष्मण चौदा वर्षें वनांत गेला. त्या चौदा वर्षांत अयोध्येंत ऊर्मिलेचें काय झालें, याविषयीं कवींनीं मौन पाळलें, ही खंत रवींद्रनाथ ठाकुरांनीं आपल्या एका निबंधांत बोलून दाखविली. हिंदींत मैथिलीशरण गुप्तांनीं 'साकेत' काव्यांत त्या चौदा वर्षांना वाचा दिली. त्याचा अख्खा नववा सर्ग ऊर्मिलेच्या विरहाचा आहे. राम वनांत कोठें कोठें गेला हें साऱ्यांना पाठ. परंतु महालांतल्या त्या चौदा पावसाळ्यांना वाचकांपर्यंत पोहोंचावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

इंग्रजींत व्हर्जिनिया वुल्फनें १९२७ मध्यें याच प्रश्नाला उलटें वळण दिलें. तिच्या 'टू द लाइटहाउस' या कादंबरीचा पहिला भाग एका दुपारीं सुरू होऊन रात्रीं संपतो. मधल्या थोड्या पानांत दहा वर्षें जातात. घर ओस पडतें, भिंतींना ओल येते, पडदे कुजतात. आणि जिच्याभोंवतीं पहिला भाग फिरत होता त्या गृहिणीचा मृत्यु कंसांतल्या एका वाक्यांत उरकला जातो. वाचकाला धक्का बसतो, आणि तोच लेखिकेचा हेतु आहे. जुन्या कथांनीं माणसांचीं वर्षें सहजगत्या कंसांत टाकलीं. या लेखिकेनें तो कंस मुद्दाम दाखविला, म्हणजे तो क्रूर किती आहे हें कळावें.

मराठी कादंबरीनेंहि पुढें काळाचे निराळे प्रयोग केले. विश्राम बेडेकरांच्या १९३९ च्या 'रणांगण' कादंबरींत युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीचा प्रवास हाच प्रेमाचा सारा अवधि आहे. बंदर जवळ येणें म्हणजे काळ संपणें, म्हणून तेथें प्रत्येक दिवस दुप्पट तीव्रतेनें जगला जातो. नभोवाणीच्या खात्यांत नोकरी करणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांनीं १९४२ मध्यें 'रात्रीचा दिवस' लिहून मनांत एकामागून एक उठणाऱ्या विचारांचा ओघ जसाच्या तसा पकडण्याचा यत्न केला. तेथें घड्याळ जवळजवळ बाजूला सरतें, आणि एकेका क्षणांत स्मृति, अवधान आणि अपेक्षा एकत्र गुंतलेलीं दिसतात. ऑगस्टिननें जें सूत्ररूपानें सांगितलें तेंच. वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्हा हा जालन्याचा शेजारी. तिकडच्या सदानंद देशमुखांनीं आपल्या शेतकरी-जीवनावरील कादंबरीला 'बारोमास' हें नांव दिलें. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पावसाची वाट पाहणाऱ्याला वर्षाचे बाराहि महिने मोजावे लागतात, हें त्या नांवांतच आहे.

या सर्व लेखकांनीं काळाविषयीं नवें तत्त्वज्ञान शोधून काढलें असें नव्हे. तत्त्वज्ञान जुनेंच आहे. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, स्मृतीनें टाकून दिलेल्या घटका उचलून परत जागच्या जागीं ठेवल्या. इतिहासकार घडलेल्या गोष्टींना बांधलेला असतो. ज्या दिवसाचा कागद नाहीं तो दिवस त्याला लिहितां येत नाहीं, आणि कल्पनेनें भरूनहि काढतां येत नाहीं. राणूबाईंचा १६३१ सालचा एकादा दिवस कसा गेला, हें इतिहास कधींच सांगूं शकणार नाहीं. परंतु तो दिवस होता, त्यालाहि साठ घटका होत्या, एवढें विसरूं न देणें हें इतिहासाचेंहि कर्तव्य आहे. कथालेखक त्याला तेथें साह्य करतो.

जांबेस समर्थांच्या जन्मस्थानीं मंदिर आहे, आणि रामनवमीस तेथें उत्सव भरतो. कथा पुन्हां त्याच मांडवापाशीं येते. पुन्हां अंतरपाट धरला जातो, आणि पुन्हां तो शब्द उच्चारला जातो. ऐकणारे मुलाबरोबर मांडवाबाहेर धांवतात, टाकळीस जातात, तीर्थें करतात, हें योग्यच आहे. तसें न होतें तर दासबोध झाला नसता. पण त्या शब्दाचा अर्थ 'अवधानासह' असा आहे, आणि अवधान ठेवण्याची आज्ञा मांडवांतल्या साऱ्यांनाच असते. मुलगा शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं दूरच्या शहरीं गेलेला आहे, आणि त्याचें वर्ष भुर्रकन उडून जात आहे, असें घर आज गांवोगांव सांपडतें. त्या घरीं राहिलेल्या माणसाचें वर्ष तेवढ्याच दिवसांचें असतें, पण तेवढेंच आंखूड नसतें. पत्र लिहावयास किंवा फोन करावयास उशीर करणारानें हा हिशेब एकदां करून पाहावा. जांबेच्या कथेंतली पळून जाण्याची घटका सर्वांना पाठ आहे. दारापाठीमागच्या सव्वापांच लक्ष घटका ऐकणाऱ्यानें स्वतःच मोजावयाच्या आहेत.